बाबा कुठंय?

“बाबा कुठंय सोपाना? दाव बरं, बाबा कुठंय?”

हौसामावशी त्याच्यापुढं उकिडवी बसली होती. हौदाजवळ धुणं आपटणाऱ्या बायकांनी हात थांबवले. सोपाननं आधी मावशीच्या तोंडाकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, खालचा ओठ पुढं काढून जरा विचार केला आणि उजवा हात उचलून बोट केलं. अंगणाच्या पार पलीकडं, चुना मारलेल्या उंच भिंतीकडं.

बायकांनी टाळ्या पिटल्या. एकीनं त्याच्या गालावरून बोटं ओवाळून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा मोडली. टाळ्या वाजल्या म्हणून त्यानंही टाळ्या वाजवल्या. मी साडीचा ओला पिळा हातात धरून उभी होते. मला आनंद व्हायला हवा होता, एवढं मला कळत होतं. तो काही झाला नाही.

ही जिल्ह्याच्या तुरुंगातली गोष्ट आहे. भिंतीच्या अलीकडं आम्ही बायका, पलीकडं पुरुष. माझा नवरा भानुदास पलीकडं होता. तेव्हा मी त्याचं नाव घेत नसे. आता घेते, आणि मनातल्या मनात अरेतुरेही करते. इतक्या वर्षांनी तेवढी मुभा मी स्वतःला दिली आहे.

आमच्यावर खुनाची केस होती. सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून चुलतभावांत जुंपली. लाइट आल्यावर मोटार आधी कुणी चालू करायची, एवढंच निमित्त. दोन्हीकडून काठ्या निघाल्या आणि चुलत दीर शिवदास डोक्यात मार बसून विहिरीच्या काठावर पडला, तो उठलाच नाही. काठी कुणाची लागली हे त्या गर्दीत कुणालाच धड दिसलं नाही. मी न्याहारीची पाटी घेऊन नुकती पोचले होते. पण फिर्यादीत सासऱ्यांचं, आबांचं, नाव आलं, भानुदासचं आलं आणि माझंही आलं. शिवदासच्या बायकोला मी दोष देत नाही. तिला त्या दिवशी आमचं अख्खं घर एकाच तोंडाचं दिसलं असेल. मला तेव्हा दिवस होते. सोपान सरकारी दवाखान्यात झाला, दाराशी पोलीसबाई बसलेली असताना, आणि तिथून माझ्याबरोबर आत आला. जामीन मागितला की नाकारला जायचा. पुढं पुढं तर तारीख कधी आहे हे विचारायचंही मी सोडून दिलं.

मी बधीर झाले होते. हा शब्द मी उगाच वापरत नाही. पाजताना पोरगं दातानं चावायचं तेव्हा शेजारची बाई ओरडायची, मला नंतर कळायचं.

आत वाढणारं मूल शिकतं ते आतलंच. दिवस मावळायच्या आधी आम्हाला बराकीत बंद करत, त्यामुळं चंद्र काही दिसायचा नाही. बायकांनी छतावरच्या बल्बलाच चांदोमामा करून टाकलं होतं. ‘चांदोमामा कुठंय’ म्हटलं की सोपानची मान वर. ‘भूर जायचं’ म्हणजे बराकीच्या दारापासून हौदापर्यंत. गाय दाखवायला गाय नव्हती, म्हणून हम्मा राहूनच गेली. आणि ‘बाई आल्या’ म्हटलं की तो रडत असला तरी तिथल्या तिथं गप्प व्हायचा. मला वाटतं, त्याला कळलेला पहिला शब्द तोच असावा.

बाई म्हणजे सातपुते बाई, आमच्या बाजूच्या शिपाई. सकाळी गिनतीला आम्ही रांगेनं खाली बसायचो, तसा सोपानही माझ्या पुढ्यात बूड टेकून बसायचा आणि त्या मोजत पुढं सरकल्या की मान वळवून बघत राहायचा.

“हा बघ कसा शिस्तीत बसतो,” सातपुते बाई म्हणायच्या. “तुमच्यापेक्षा शहाणा. मोजू का गं यालाही?”

“मोजा की,” हौसामावशी म्हणायची. “सरकारचं एक ताट वाढंल.”

हौसामावशी पक्की कैदी, शिक्षा लागलेली, हिरव्या साडीतली. आत येऊन तिला इतकी वर्षं झाली होती की बराकीतला नळ कधी दुरुस्त झाला हे विचारायला सगळ्या तिच्याकडंच यायच्या. तिची स्वतःची मुलं मोठी होऊन कुठं पांगली ते तिलाही माहीत नव्हतं. सोपानचं सगळं तिनं अंगावर घेतलं होतं आणि मी ते घेऊ दिलं होतं.

‘बाबा कुठंय’ हे शिकवणं सुरू झालं ते माझ्या भावामुळं. नामदेव मुलाखतीला आला. जाळीच्या त्या बाजूला बराच वेळ नुसता उभा राहिला. त्याचं असं झालं की मी ओळखायची, याला काहीतरी सांगायचंय आणि ते वाईट आहे.

“वकील म्हणत्यात,” तो शेवटी म्हणाला, “एकानं अंगावर घेतलं, की काठी माझीच लागली, तर बाकीचे सुटायला वाट हाय.”

“कुणी घ्यायचं?”

“आता आबांचं वय बघ. तू बाईमाणूस, पदरात लेकरू.” तो खाली बघत म्हणाला. “मग ऱ्हायलं कोन?”

“त्यांना विचारलं?”

“इचारलं. म्हनले, काठी मी बी फिरवली, लागली का न्हाई ते मलाच ठावं न्हाई. घेतो म्हनले अंगावर. पर आधी पोरगं बघू द्या. ज्याच्यापायी जलम घालायचा त्याचं तोंड बी बघितलं न्हाई अजून.”

“इथं कशी भेट होणार?”

“नवीन साहेब आल्यात. नवराबायको एकाच जेलात असली तर आतल्या आत भेट देत्यात म्हनं. खटपट चाललीय.” नामदेवनं कान खाजवला. “आनि एक सांगितलंय. पोराला माझं सांगून ठेव म्हनले. बाबा म्हंजे कोन ते त्याला कळाय पायजे. परक्या मानसागत बघून रडाय लागला तर…”

“तर काय?”

“तर काय ते न्हाई बोलले.”

आता यात मला काय हवं होतं, हे कुणीही विचारावं आणि मी सांगू नये. भानुदास हो म्हणाला तर मी आणि पोरगं बाहेर, सासरे बाहेर, आणि तो जन्मठेपेला. नाही म्हणाला तर सगळेच आत, आणि निकाल काय लागेल ते वकिलाच्या तोंडावर दिसतच होतं. मुलाला आईजवळ काही वर्षंच ठेवतात, मग बाहेर काढतात, हेही बायकांनी मला सांगून ठेवलं होतं. एकीकडं नवरा जाणार, एकीकडं मूल. मी दोन्हीकडं आळीपाळीनं बघायची आणि मला कुठंच काही व्हायचं नाही. दगडाला पाणी घालावं तसं सगळं वरून वाहून जायचं.

हौसामावशीला मात्र हुरूप आला. बराकीत तशा गोष्टी कमी असतात.

“फोटू हाय का त्याचा?”

“नाही.”

“घरी आसंल.”

“घराला कुलूप आहे मावशी. लग्नातला फोटो भिंतीवर आहे, फेटा बांधलेला.”

“मग ऱ्हाऊ दे. आधी बोट शिकवू, मानूस मागनं येतंय.”

आणि तिनं त्याला कडेवर घेऊन भिंत दाखवायला सुरुवात केली. पलीकडं पुरुषांची गिनती व्हायची तेव्हा आकडे ओरडलेले ऐकू यायचे, कधी कुणी खोकायचं, कधी भांडी आदळायची. “आयकलं का? बाबा वरडतोय. बाबा, बाबा कुठंय? त्यो बघ तिकडं.” त्याचं बोट धरून ती भिंतीकडं करायची. धुणं धुताना, केस विंचरताना, ताट घेऊन बसल्यावर. काही दिवसांनी बाकीच्या बायकाही लागल्या. ज्या एरवी बादलीवरून एकमेकींच्या झिंज्या उपटत, त्याही जाता येता त्याला विचारायच्या. तो कधी बल्बकडं बोट करायचा, कधी कावळ्याकडं. मग एक दिवस त्यानं बरोबर भिंतीकडं केलं, आणि पुन्हा चुकला नाही.

“मावशी,” मी एकदा म्हटलं, “तो भिंतच दाखवतोय.”

“भितीपल्याडचं दावतोय.”

“त्याला काय कळतंय पल्याड काय आहे ते?”

“पोराला भिती दिसत न्हाईत गं,” हौसामावशी म्हणाली. “त्या आपल्याला दिसत्यात. त्याला बापच दिसतोय तिथं.”

मी वाद घातला नाही. तिला ते मनापासून वाटत होतं, आणि मला काहीच वाटत नव्हतं. अशा वेळी ज्याला वाटतं त्याचं ऐकावं लागतं.

दुसरी अडचण मिशांची निघाली. आमच्या बाजूला पुरुष म्हणून कुणी आलाच तर डॉक्टर, नाहीतर वायरमन. वायरमनच्या मिशा बघून सोपान एकदा असा किंचाळला होता की तो बिचारा शिडीवरून तसाच उतरला.

“तुज्या नवऱ्याला मिशा हायेत का?” मावशीनं विचारलं.

“होत्या. चांगल्या भरघोस.”

दुसऱ्या दिवशी हौसामावशी स्वयंपाकघराकडून कोळसा घेऊन आली आणि तिनं स्वतःच्या वरच्या ओठावर जाड मिशा काढल्या. हिरवी साडी, कपाळावर गोंदण आणि खाली त्या मिशा. सगळी बराक हसून हसून लोळली. सोपाननं आधी ओठ काढला, मग मावशीचा आवाज ओळखून त्या मिशा पुसायलाच सुरुवात केली. त्याचा हात काळा, तोंड काळं, माझा पदर काळा. सातपुते बाईंनी दारातून पाहिलं आणि तोंडाला पदर लावून त्या परत गेल्या. भेटीच्या दिवसापर्यंत मावशी रोज मिशा काढत होती.

भेट मिळाली ती एका सकाळी. आदल्या दिवशी बायकांनी जुन्या साडीच्या तुकड्यांचं एक झबलं शिवलं होतं, त्याला हिरवा काठ. एकीनं काजळ घातलं, एकीनं गालाला तीट लावली. हौसामावशीनं दाराशी त्याला शेवटचं विचारून घेतलं, परीक्षेला जाणाऱ्या पोराला विचारतात तसं.

“बाबा कुठंय?”

त्यानं भिंतीकडं बोट केलं.

“जा आता,” ती म्हणाली. “हितं शिकवायचं ते झालं माजं.”

सातपुते बाई मला घेऊन निघाल्या. मोठ्या दाराशेजारच्या एका खोलीत नेलं. तिथं एक टेबल, दोन बाकं, वर फिरणारा पंखा. पंखा बघून सोपाननं मान वर केली ती खाली करेना. मग दुसऱ्या दारातून भानुदास आला, मागं एक शिपाई. मी उभी राहिले.

तो वाळला होता. कपडे अंगावर लोंबत होते. आणि त्यानं मिशा काढून टाकल्या होत्या. कधीतरी त्या बिनमिशांच्या चेहऱ्याची मला सवय झाली असती, पण त्या क्षणी मला वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाला आणलंय.

“बस,” तो म्हणाला. “झोप झालीय का त्याची?”

“झालीय.”

“मग किरकिर न्हाई करनार.” तो समोरच्या बाकावर बसला. हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते त्यानं. “दूध मिळतंय का?”

“मिळतं.”

“आबा बरे हायेत. गुडघे धरल्यात, पर बरे हायेत.”

हे सगळं तो माझ्याकडं बघून बोलत होता. पोराकडं अजून त्यानं सरळ पाहिलं नव्हतं. ताटात आवडीचं वाढलेलं शेवटी खायला ठेवावं, तसं त्यानं ते राखून ठेवलं होतं. सोपानचा पंखा बघून झाला तेव्हा त्यानं मान खाली केली आणि समोरच्या माणसाकडं बघायला लागला. रडला नाही. नुसता बघत राहिला, तोंड उघडं टाकून. भानुदासच्या खांद्यातला ताठपणा गेलेला मला दिसला.

“रडत न्हाई की,” तो हळूच म्हणाला.

“नाही रडत.”

“सांगितलं हुतंस त्याला?”

“सांगितलंय. ओळखतो तो. बाबा म्हटलं की दाखवतो.”

हे मी का बोलले मला माहीत नाही. बायकांनी एवढा खटाटोप केला होता, त्यांच्या कष्टाचं चीज व्हावं म्हणून बोलले असेन. भानुदास बाकावरून उठला आणि आमच्यापुढं येऊन बसला, उकिडवा, हौसामावशी बसायची तसाच. पलीकडचा शिपाई काही म्हणाला नाही.

“सोपान,” तो म्हणाला. “सोपान, बाबा कुठंय?”

सोपाननं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. खालचा ओठ पुढं आला. मग तो माझ्या मांडीवर कंबरेतून पूर्ण मागं वळला, माझ्या खांद्यावरून हात लांब केला आणि मागच्या पांढऱ्या भिंतीकडं बोट केलं.

आणि टाळ्यांची वाट बघत थांबला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तेव्हा त्यानं स्वतःच वाजवल्या आणि आमच्या प्रत्येकाच्या तोंडाकडं पाहिलं, आता तुमची पाळी म्हणून.

“लहान आहे हो अजून,” सातपुते बाई दाराशी म्हणाल्या.

मी त्याचं बोट धरलं आणि भानुदासकडं वळवलं. “हे बघ. हे बाबा. हे.” त्यानं बोट सोडवून घेतलं आणि पुन्हा भिंतीकडं केलं. मी पुन्हा वळवलं. आता तो चिडला, कुंथत हात ओढून घेतला आणि पाठ करून भिंतीकडं बोट दाखवतच राहिला. मी एवढी ढ कशी, हे त्याला कळत नव्हतं. मी पुन्हा त्याचा हात धरणार होते.

“ऱ्हाऊ दे कुंदा,” भानुदास म्हणाला.

लग्न झाल्यापासून त्यानं मला कधी नावानं हाक मारली नव्हती. माझा हात तिथंच थांबला.

“कसं शिकवलं त्याला?” त्यानं विचारलं.

मी सांगितलं. हौसामावशीचं सांगितलं, फोटो नव्हता ते सांगितलं, टाळ्यांचं सांगितलं. पलीकडून गिनतीचे आकडे ऐकू आले की ‘बाबा ओरडतोय’ म्हणून कसं दाखवायचो ते सांगितलं. मिशांचंही सांगितलं. तो खाली बसूनच ऐकत होता. मिशांचं ऐकून त्यानं ओठावरून हात फिरवला.

“मी काल काढली,” तो म्हणाला. “म्हनलं भ्यायचा.”

सोपानचा राग गेला होता. तो माझ्या मांडीवरून वाकून भानुदासच्या सदऱ्याची गुंडी ओढत होता.

“आमी दुपारचं त्याच भितीला टेकून बसतो,” भानुदास म्हणाला. “सावली आसती तितं.” त्यानं पोराकडं पाहिलं. “म्हंजे रोज ह्यो माझ्याकडंच बोट करीत हुता.”

“हो.”

“मग बराबर हाय त्याचं. बाबा तितंच हाय.”

एवढं बोलून त्यानं पोराला उचललं. नीट जमलं नाही, एक हात काखेत, एक पायाखाली, पोत्यासारखं. सोपाननं त्याच्या ओठावर हात ठेवून काही पुसायला मिळतंय का ते पाहिलं. भानुदासनं त्याचा तो हात तोंडावर धरून ठेवला. डोळे मिटले होते. मी खिडकीबाहेर बघितलं. तिथं एक झाड होतं, कशाचं ते आठवत नाही.

शिपाई म्हणाला, “चला आता.”

भानुदासनं पोरगं माझ्याकडं दिलं. उभा राहिला. “नामदेवला सांग,” तो म्हणाला. “वकिलाला हो म्हनावं.”

मी मान हलवली.

“आन दुसरं. सुटल्यावर ह्याला हिकडं आनू नगंस. मुलाखतीला बी न्हाई. तू ये वाटलं तर. ह्याला न्हाई आनायचं.”

“तुम्हाला बघायचा नाही का तो?”

“बघितला की,” तो म्हणाला. “आता त्याला इसरू दे. जाळीपल्याड उभं करून पुन्ना बाबा दावशीला, मग जलमभर तेच ध्यानात ऱ्हाईल त्याच्या. आता काय दोन-चार म्हयन्यात पुसून जाईल.”

माझ्या आत काही हललंच नाही. तो वळून दारातून गेला आणि मी सातपुते बाईंच्या मागून निघाले.

बराकीच्या दारात हौसामावशी उभी होती. मागं बाकीच्या.

“वळखलं का गं पोरानं?”

सातपुते बाईंनी माझ्याकडं पाहिलं.

“ओळखलं,” मी म्हटलं.

बायकांनी साठवलेला गूळ काढला. हौसामावशीनं एक खडा सोपानच्या तोंडात दिला, एक माझ्या दिला आणि भिंतीकडं तोंड करून डोळे पुसत बसली. मी गूळ चावला. गोड लागला. तेवढं कळलं.

कोर्टात भानुदास म्हणाला, माझ्याच हातनं झालं. शिवदासची बायको मागच्या बाकावर होती. तिनं मान खाली घातली, ती निकाल वाचून होईपर्यंत वर केली नाही. मी आणि सासरे सुटलो. सासरे गावी गेले आणि वर्ष संपायच्या आत वारले. मी नामदेवच्या आधारानं तालुक्याला खोली केली, साड्यांना फॉल लावले, पुढं चार पोरांचे डबे सुरू केले ते वाढत गेले. घरात ‘बाबा कुठंय’ हे कुणी सोपानला विचारलं नाही. तो शब्दच आम्ही घरातून काढून टाकला. भानुदास म्हणाला होता तसंच झालं, दोन-चार महिन्यांत त्याचं बोट गाईकडं, एसटीकडं, शेजारच्या कोंबड्यांकडं जायला लागलं.

शाळेत कुणीतरी बोललं तेव्हा त्यानं मला विचारलं. मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, “बरं” म्हणाला आणि खेळायला गेला. भेटायला ने असं तो कधी म्हणाला नाही. नेऊ नकोस असं मला बजावलेलं होतं. आम्ही तिघांनी तिघांचं ऐकलं.

मी अधूनमधून एकटी जायची. भानुदास जाळीतून विचारायचा, “केवढा झाला?” मी हात धरून दाखवायची, एवढा. मग कंबरेएवढा, मग खांद्याएवढा. एके वर्षी मला हात डोक्याच्या वर न्यावा लागला, तेव्हा तो हसला. तुरुंगातून मिळते त्या रजेवर त्याला घरी येता आलं असतं. त्यानं कधी मागितली नाही.

त्याला सोडणार होते त्या दिवशी नामदेव आणायला जाणार होता. पण कसं कोण जाणे, एक दिवस आधीच सोडलं आणि तो एकटाच एसटीनं आला, पत्ता विचारत विचारत. मी आत डब्याच्या पोळ्या लाटत होते. दार वाजलं. सोपान अभ्यासाला बसला होता, त्यानं उठून उघडलं.

“कोण पाहिजे?” त्यानं विचारलं. नीट अदबीनं विचारलं, मीच त्याला तसं लावलं होतं.

मग भानुदास म्हणाला, “आई हाय का घरात?”

“आई,” सोपाननं आत तोंड करून सांगितलं, “कुणीतरी आलंय गं.”

मी लाटणं ठेवून बाहेर आले. भानुदासनं चपला बाहेर काढल्या होत्या आणि दाराजवळच्या खुर्चीवर अगदी कडेला तो बसला होता, पिशवी मांडीवर धरून. पाहुणे बसतात तसा. केस सगळे पांढरे. मला बघून तो उठायला लागला. मी ‘बसा’ म्हटलं, आणि इतकी वर्षं जे कुठंच हललं नव्हतं ते माझ्या आत एकदम हललं.

“सोपान,” मी म्हटलं, “बाबांना पाणी आण.”

त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा त्या माणसाकडं पाहिलं आणि पाणी आणायला आत गेला. बराच वेळ तो बाहेर आला नाही.